डीआरडीओत कॉम्प्युटरचे सायंटिस्ट 'बी' व्हायचं तर: तिसऱ्या वर्षापासून जॉइनिंगपर्यंतची तयारी

मी सातारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दरवर्षी तिसरं वर्ष सुरू झालं की तास संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळतं आणि विचारतं, "मॅडम, डीआरडीओत जायचं असेल तर काय करावं लागतं?" आमच्या जिल्ह्याला फौज नवीन नाही. अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पण वर्दी न घालता, कॉम्प्युटरची पदवी घेऊन संरक्षण खात्यात कसं शिरायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. क्लासवाले अर्धवट सांगतात, जाहिरात वाचायला घेतली तर दहा पानांत माणूस हरवून जातो. म्हणून मुलांना तुकड्या-तुकड्यांत सांगत आले ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. गेट या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग परीक्षेचा अभ्यास, मुलाखतीची तयारी आणि आत गेल्यावरचं काम, या तिन्हींना लागणारा पाया एकच आहे. सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, नेटवर्क आणि त्यांच्या तळाशी गणित. हा पाया घाईने घातला तर गेटमध्ये कदाचित निभावेल, पण मुलाखतीच्या पाचव्या मिनिटाला उघडा पडेल.

काम काय असतं ते आधी समजून घ्या

संरक्षण संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे डीआरडीओ, १९५८ साली स्थापन झाली. देशभर तिच्या चाळीसहून जास्त प्रयोगशाळा आहेत. आपल्या राज्यात पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई, अहिल्यानगरला व्हीआरडीई आणि अंबरनाथला एनएमआरएल. पण ही यादी बघून हुरळून जाऊ नका. या प्रयोगशाळा मुख्यतः शस्त्रं, स्फोटकं, वाहनं, पूल, जहाजाला लागणारी सामग्री यांवर काम करतात. कॉम्प्युटरवाले तिथेही लागतात, पण त्यांचं मोठं काम बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली आणि डेहराडून इथे आहे. बंगळुरूच्या केअरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता, रोबोटिक्स आणि सुरक्षित दळणवळण. दिल्लीच्या एसएजीमध्ये कूटलेखन, संदेश गुप्त ठेवण्याचं शास्त्र, म्हणजे गणिताची आवड असणाऱ्याचं माहेर. दिल्लीच्याच इसामध्ये युद्धाच्या डावपेचांची सिम्युलेशन. बंगळुरूच्या एलआरडीईमध्ये रडार, एडीईमध्ये मानवरहित विमानं, हैदराबादच्या आरसीआयमध्ये क्षेपणास्त्रातला संगणक. पुण्यात नव्याने वाढलेलं एक काम म्हणजे क्वांटम तंत्रज्ञान. डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने मुंबईच्या टीआयएफआरबरोबर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सहा क्यूबिटचा, म्हणजे क्वांटम संगणकातल्या सहा बिटचा, प्रोसेसर तपासून पूर्ण केला, ते २०२४ सालचं.

पोस्टिंग कुठे मिळेल ते आपल्या हातात नसतं. "पुण्यातच पाहिजे" असा हट्ट असेल तर ही वाट धरण्याआधी घरच्यांशी नीट बोलून घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने हैदराबाद हा शब्द ऐकल्यावर दोन दिवस जेवण टाकलं होतं. आता त्याच माउली दर दिवाळीला तिच्याकडे जाऊन राहतात.

कामाचं रूप कसं असतं? वेबसाइट बनवणं फारसं नसतं. छोट्या प्रोसेसरवर, मोजक्या मेमरीत, ठरलेल्या मिलिसेकंदांत चालणारा कोड असतो. तो सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहायचा आणि त्याचा प्रत्येक बदल कागदावर नोंदवायचा. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी स्वतंत्र तपासणी होते. विमानात किंवा क्षेपणास्त्रात बसणाऱ्या सॉफ्टवेअरला "नंतर अपडेट पाठवू" असं म्हणता येत नाही. एखाद्या प्रकल्पाला पाच-सात वर्षं लागणं हे तिथे नेहमीचं आहे. ज्याला दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी हातात पाहिजे, त्याला हे जड जातं. एका प्रश्नाचा तळ गाठायला आवडतो, त्याला मात्र यासारखं सुख नाही.

पगाराचंही सरळ सांगते. सायंटिस्ट 'बी' हे गट 'अ'चं राजपत्रित पद आहे, सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० मध्ये, मूळ वेतन ५६,१०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे धरून महानगरात महिना साधारण एक लाखाच्या घरात जातो, असं भरतीच्या अलीकडच्या जाहिरातींतच दिलेलं आहे. मोठ्या प्रॉडक्ट कंपन्या यापेक्षा जास्त देतात. पैसा हे पहिलं कारण असेल तर तिकडेच जावं, त्यात काही वाईट नाही.

दार कोणतं निवडायचं

मुख्य दार म्हणजे सायंटिस्ट 'बी'ची थेट भरती. ती दिल्लीच्या तिमारपूरमधलं आरएसी, म्हणजे भरती आणि मूल्यमापन केंद्र, करतं. बीई किंवा बीटेक प्रथम श्रेणीत हवं आणि त्याच विषयाचा गेट स्कोअर हवा. हा लेख मुख्यतः याच दाराबद्दल आहे.

बाकीची दारं थोडक्यात. डिप्लोमा किंवा बीएस्सी कॉम्प्युटर झालेल्यांसाठी सेप्टॅम या डीआरडीओच्याच दुसऱ्या केंद्राची भरती असते. त्यातून सीनियर टेक्निकल असिस्टंट 'बी' घेतात, लेव्हल ६, मूळ वेतन ३५,४००. आयटीआयवाल्यांसाठी टेक्निशियन 'ए' असतं. संशोधनाकडे ओढा असेल तर ज्युनियर रिसर्च फेलो म्हणून जाता येतं, महिना ३७,००० आणि घरभाडं. पण फेलोशिप म्हणजे कायमची नोकरी नव्हे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. मी अशी मुलं बघितली आहेत जी "आत आलो म्हणजे कायम होणारच" म्हणून गेट द्यायचं सोडून देतात आणि मुदत संपली की हवालदिल होतात. पदवीधर अप्रेंटिस हे वर्षभराचं प्रशिक्षण. तेही चांगलं, पण त्यातूनही नोकरीची हमी नाही.

पुण्यात गिरीनगरला, खडकवासल्याच्या बाजूला, डीआयएटी हे अभिमत विद्यापीठ आहे. गेटच्या स्कोअरवर तिथे एमटेकला प्रवेश मिळतो, सायबर सिक्युरिटीसारखे विषय आहेत. पहिल्या फटक्यात सायंटिस्टचा कॉल आला नाही तर दोन वर्षं वाया न घालवता तिथे शिकणं हा शहाणपणाचा पर्याय आहे, कारण आजूबाजूची माणसं याच कामातली असतात.

आणि वर्दी हवीच असेल तर सैन्याचा टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, नौदलाची आयटीची शॉर्ट सर्व्हिस एंट्री, वायुदलाची एफकॅट ही प्रवेश परीक्षा हे रस्ते आहेत. तिथे एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत असते आणि ती तयारी पूर्ण वेगळी. दोन्ही तयाऱ्या एकाच वर्षी करू नका.

पदवीचं नाव आत्ताच तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण कुणी करत नाही. आरएसीच्या संकेतस्थळावर जुन्या जाहिराती असतात. त्यात कॉम्प्युटर सायन्सच्या जागांसाठी पदवीची कोणती नावं समकक्ष मानली जातात, त्याची यादी असते. हल्ली कॉलेजं शाखांना नवनवी नावं देतात: एआय अँड डीएस, सायबर सिक्युरिटी, आयओटी. तुमच्या मार्कशीटवर जे नाव आहे ते अक्षरशः त्या यादीशी जुळवून बघा. जुळत नसेल तर कॉलेजकडून आणि विद्यापीठाकडून काय लेखी मिळू शकतं याची चौकशी तिसऱ्या वर्षातच सुरू करा.

दुसरं, प्रथम श्रेणी. सीजीपीए असेल तर टक्केवारी काढण्याचं विद्यापीठाचं सूत्र छापील स्वरूपात मिळवून ठेवा. स्वतःच्या मनाने दहाने गुणू नका.

गेट: कधी, कसं

गेटचा फॉर्म साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सुरू होतो, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. तिसऱ्या वर्षातही परीक्षा देता येते आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणून मी मुलांना तिसऱ्या वर्षीच एकदा बसायला लावते. केंद्रावरचा तो ताण, ती स्क्रीनवरची कॅल्क्युलेटर, तीन तास एका जागी बसणं, हे सगळं एकदा अंगावरून गेलेलं बरं. जमलं तर तोच स्कोअर उपयोगी पडतो.

पेपर १०० गुणांचा, ६५ प्रश्न, ३ तास. १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, साधारण १३ इंजिनिअरिंग गणिताचे आणि उरलेले विषयाचे. पर्यायाच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एका गुणाला एक तृतीयांश आणि दोन गुणांना दोन तृतीयांश कापतात. एकापेक्षा जास्त बरोबर पर्याय असलेले आणि संख्या टाइप करायचे प्रश्न असतात, त्यांना निगेटिव्ह नाही. या प्रश्नांत तुक्का लागणं अवघड, म्हणून ज्याचा पाया खरा आहे तो इथेच पुढे जातो.

२०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा (डीए) वेगळा पेपर सुरू झाला आहे. मुलं त्याकडे झुकतात. पण डीआरडीओच्या कॉम्प्युटर सायन्सच्या जागांना सीएसचा पेपर लागतो. दोन पेपर देण्याची मुभा आहे आणि सीएससोबत डीए घेता येतो. मात्र जीव सीएसमध्येच ओता.

अभ्यासाचा क्रम मी असा लावून देते. तिसऱ्या वर्षाच्या जून ते डिसेंबर: डिस्क्रीट गणित, सी आणि डेटा स्ट्रक्चर. जानेवारी ते जून: ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, नेटवर्क. हे तीन विषय मुलाखतीतही सगळ्यात जास्त येतात, म्हणून त्यांना सहा महिने पूर्ण द्या. शेवटच्या वर्षाच्या जून ते सप्टेंबर: अल्गोरिदम, डेटाबेस, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, डिजिटल लॉजिक. ऑक्टोबरपासून फक्त जुने पेपर, घड्याळ लावून. चुकलेला प्रत्येक प्रश्न वेगळ्या वहीत, आणि त्याखाली एकच ओळ: मी इथे काय गृहीत धरलं होतं? जानेवारीत ती वही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येते.

क्लास लावायचा का? पैसे असतील तर लावा, नसतील तर अडत नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे आत गेले त्यांतल्या दोघांनी क्लासचं तोंड बघितलेलं नाही.

कॅम्पस प्लेसमेंटमध्ये नोकरी मिळत असेल तर ती घ्या. सरकारी भरतीला वेळ लागतो, जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येईलच असं नाही. हातात पगार असला की मुलाखतीला जाताना छाती धडधडत नाही.

इंटरनेट बंद ठेवून कोड लिहायला शिका

हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

या प्रयोगशाळांत स्मार्टफोन आत नेता येत नाही, फाटकावरच ठेवावा लागतो. कामाचं मशीन बाहेरच्या जगाशी जोडलेलं नसतं. अडलं की सर्च करणं नाही, एआयला विचारणं नाही. शेजारचा सहकारी, कपाटातली मॅन्युअल्स आणि आपलं डोकं, एवढंच.

म्हणून शनिवारी दुपारी मी लॅबमधल्या स्विचची वायर काढते. फोन टेबलावर उपडे. काम अगदी साधं: एका फाइलमधून ओळी वाचायच्या, लिंक्ड लिस्टमध्ये ठेवायच्या, मधला एक नोड काढायचा. पहिल्या शनिवारी एका टॉपर मुलीला याला पावणेतीन तास लागले. फाइल उघडण्याच्या फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट काय द्यायचा हेच तिला आठवेना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी तिला लिनक्सवर मॅन पेज, म्हणजे मशीनमध्येच असलेलं माहितीचं पान, कसं उघडायचं ते दाखवलं. तिने तीन वर्षांत ते कधी बघितलंच नव्हतं. चौथ्या शनिवारी तेच काम तिने पस्तीस मिनिटांत केलं, आणि मेमरी मोकळी करायचीही विसरली नाही.

घरी तुम्हीही हे करा. रोज एक तास, वायफाय बंद. जीडीबी वापरून चूक शोधायला शिका. पॉइंटर कागदावर काढायला शिका. मग प्रोजेक्टचं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट निवडताना हार्डवेअरला हात लागेल असं काहीतरी घ्या: एखादा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, त्यातून येणारा डेटा सॉकेटवरून दुसऱ्या मशीनवर. लहान असू दे, पण प्रत्येक ओळ तुमची असू दे. विकत आणलेलं प्रोजेक्ट मुलाखतीत दोन प्रश्नांत ओळखू येतं.

जाहिरात आली की

आरएसीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फॉर्म ऑनलाइन भरायचा. खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या पुरुषांना १०० रुपये शुल्क, महिलांना, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ते नाही. एकाच जाहिरातीत डीआरडीओबरोबर एडीएसारख्या (विमान विकसित करणारी संस्था) इतर संस्थांच्याही जागा असतात, त्यांचा पसंतीक्रम विचारपूर्वक भरा.

निवडीची पद्धत जाहिरातीगणिक बदलत आली आहे. काही वर्षांपूर्वी गेटनंतर वर्णनात्मक लेखी परीक्षा होती. २०२३ च्या जाहिरातीपासून गेटच्या गुणांवर थेट मुलाखतीला बोलावतात आणि अंतिम यादीत गेटला ८० टक्के व मुलाखतीला २० टक्के वजन असतं. मुलाखतीत किमान गुण मिळवणंही बंधनकारक आहे, म्हणजे गेट कितीही भारी असलं तरी मुलाखत सांभाळावीच लागते. वयोमर्यादेतही बदल होत आले आहेत, ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षांची सवलत कायम आहे. त्यामुळे दादाच्या वेळचं ऐकून फॉर्म भरू नका, समोरची जाहिरात स्वतः पहिल्या ओळीपासून वाचा. प्रिंट काढून, हायलायटर घेऊन.

दाखले: इथेच आपली मुलं अडकतात

माझा एक विद्यार्थी गुणांनी बसत होता. कागदपत्रं तपासताना कळलं की त्याच्याकडचा ओबीसीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. त्याने दाखला मागताना "केंद्रासाठी" असं सांगितलं नव्हतं आणि देणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं. त्याचे पुढचे तीन आठवडे हेलपाट्यांत गेले. म्हणून हे नीट वाचा.

केंद्र सरकारच्या भरतीत एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस एवढेच गट आहेत. आपल्याकडचे व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे राज्याचे गट, ते तिथे चालत नाहीत. व्हीजेएनटीतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात महाराष्ट्राच्या केंद्रीय यादीत नेमकी कोणत्या नावाने आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत बघा. शब्दलेखनसुद्धा जुळलं पाहिजे. मराठा समाजातल्या मुलांना केंद्रात एसईबीसीचा लाभ मिळत नाही. अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा.

ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं जात आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात कुटुंबाचं आधीच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, त्यात पगार आणि शेती दोन्ही धरतात, आणि पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर तो मिळत नाही. हा दाखला एका वर्षापुरताच चालतो, म्हणून एप्रिल उजाडला की नवीन काढण्याची सवय लावा. ओबीसीच्या नॉन-क्रीमीलेअरचा हिशोब वेगळा आहे. तिथे आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत मोजत नाहीत, पण पालक सरकारी नोकरीत असतील तर त्यांचं पद बघितलं जातं. सेतू केंद्रात या दोन्हींची हमखास गल्लत होते. नियमाची प्रत सोबत घेऊन जा आणि शांतपणे दाखवा.

आणि नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर "आडनाव, नाव, वडिलांचं नाव" अशा क्रमाने, आधारवर वेगळ्या क्रमाने, पदवीवर आईचं नावही. ही महाराष्ट्राची पद्धत दिल्लीतल्या माणसाला कळत नाही. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत हाताशी ठेवा.

मुलाखत

बोर्डात विषयतज्ज्ञ असतात, डीआरडीओतले शास्त्रज्ञ आणि बाहेरचे प्राध्यापक. जाऊन आलेले सांगतात की सुरुवातीला बहुधा तुमचे आवडते विषय विचारतात आणि मग त्यातच खोल नेतात. म्हणून दोन-तीनच विषय सांगा, आणि ते असे सांगा की ज्यांच्या तळाशी तुम्ही खरोखर पोहोचला आहात. "मशीन लर्निंग" म्हणालात तर मॉडेलच्या नावांवर कुणी थांबणार नाही, ग्रेडियंट कागदावर काढायला लावतील.

मी सरावाला विचारते तो एक प्रश्न सांगते. "एक सेन्सर अंतर मोजून चार बाइटचा पूर्णांक पाठवतो. खरं अंतर २५६ मीटर आहे. तुझ्या स्क्रीनवर ६५,५३६ दिसतं. काय झालं असेल?"

पहिला मुलगा म्हणाला, "मॅडम, सेन्सर बिघडला असेल." दुसऱ्या मुलीने आधी कागद मागितला. तिने चार चौकटी काढल्या आणि २५६ लिहिले: ०० ०० ०१ ००. मोठ्या किमतीचा बाइट आधी. मग म्हणाली, "माझा प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो पहिला बाइट सगळ्यात लहान धरेल." तिने त्याच चौकटींखाली उलट्या बाजूने किमती लिहिल्या. एक हा आकडा तिसऱ्या चौकटीत होता, तिथली किंमत २५६ गुणिले २५६. "म्हणजे ६५,५३६! सेन्सर बरोबर आहे, बाइटचा क्रम मी उलटा वाचतेय." मग मी विचारलं, दुरुस्ती कुठे करशील, पाठवणाऱ्याकडे की वाचणाऱ्याकडे? ती थोडं थांबून म्हणाली, "दोघांनी आधी कागदावर ठरवायला पाहिजे होतं." ती आज हैदराबादला आहे.

या एका प्रश्नात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, नेटवर्क आणि सी तिन्ही आले. तुमचे प्रश्न वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा: कागद घ्या, आकडा मांडा, मोठ्याने विचार करा. उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण इथपर्यंत मी विचार करू शकतो" असं स्पष्ट सांगा. बोर्डाला थापा चटकन कळतात.

इंग्रजीची भीती बाळगू नका. वाक्यं छोटी ठेवा. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे उगाच खचतात. तांत्रिक शब्द बरोबर असले आणि विचार सरळ असला की पुरतं. तयारीत महिनाभर रोज एक विषय आरशासमोर इंग्रजीत दहा मिनिटं समजावून सांगा, जीभ आपोआप वळते. ज्या संस्थेत जाताय तिच्या दोन-चार प्रयोगशाळा काय करतात हेही वाचून जा. डीआरडीओची स्वतःची मासिकं संकेतस्थळावर मोफत मिळतात.

निवड झाल्यावर

यादीत नाव आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी नोकरी असं होत नाही. वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं आणि चारित्र्य पडताळणी यांत महिने जातात. पडताळणीच्या फॉर्ममध्ये आधीचे सगळे पत्ते, शिक्षण आणि काही पोलीस केस असल्यास ती लिहायची असते. कॉलेजातल्या भांडणाची एखादी नोंद असेल तरी लपवू नका. नोंद असल्यापेक्षा ती लपवल्याने नोकरी जाते. होस्टेल, भाड्याची खोली, सगळ्या पत्त्यांच्या तारखा आत्तापासून एका कागदावर लिहून ठेवा, तीन वर्षांनी त्या आठवत नाहीत.

मधल्या काळात कंपनीत असाल तर राजीनामा घाईने देऊ नका. ऑफरचं पत्र हातात आल्यावरच द्या. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर रुजू होण्याची मुदत वाढवून मिळावी म्हणून लेखी विनंती करता येते. सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीत असाल तर ना-हरकत पत्र लागतं, ते फॉर्म भरतानाच मागा.

पहिली तीन वर्षं

रुजू झाल्यावर डीआयएटी किंवा मसुरीच्या आयटीएमसारख्या संस्थांत प्रशिक्षण होतं. मग काही नियम अंगवळणी पाडावे लागतात. परदेशी जायचं तर परवानगी, शोधनिबंध छापायचा तर मंजुरी, जोडधंदा किंवा फ्रीलान्सिंग नाही. आपल्या कामाबद्दल मित्रांशी, समाजमाध्यमांवर, अगदी घरीही तपशिलात बोलायचं नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इथे पुस्तकात राहत नाही. आई विचारते, "नेमकं करतोस काय रे?" आणि मुलगा "कॉम्प्युटरचंच" एवढंच सांगतो. त्या घरांनी याची सवय करून घेतलेली मी पाहिली आहे.

बढती नुसत्या ज्येष्ठतेवर नसते. 'बी'वरून 'सी'ला जायला किमान तीन वर्षं लागतात आणि मूल्यमापन मंडळासमोर मुलाखत द्यावी लागते, तुमच्याच कामावर. 'सी' म्हणजे लेव्हल ११, मूळ वेतन ६७,७००. मंडळ विचारतं: या प्रकल्पात तुमचा वाटा कोणता? दहा जणांच्या टीममध्ये तीन वर्षं काढल्यावर हे नेमकं सांगणं सोपं नसतं. माझी हैदराबादची विद्यार्थिनी पहिल्या महिन्यापासून ऑफिसच्या नोंदवहीत दर शुक्रवारी चार ओळी लिहिते. आठवड्यात कोणती अडचण आली, मी काय सुचवलं, काय चाललं, काय फसलं. तारीख आणि सही. ती वही लॅबच्या कपाटातच असते, घरी आणायची नाही.